डावी कूस, उजवी कूस

२०२३ साली ओडिशातल्या गजपती जिल्ह्यात, महेंद्रगिरीच्या डोंगरांत, एक नर वाघ कॅमेऱ्यात आला. पाहुणा कुठला, ते कळेना. फोटो डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे गेला, तिथल्या साठ्यातल्या फोटोंशी ताडून पाहिला गेला, आणि पट्टे जुळले ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी वनविभागाच्या एका वाघाशी. चार राज्यं, सुमारे दोन हजार किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर आठ वेळा चालावं एवढी पायपीट. वर्तमानपत्रांनी बातमी चालण्याची केली, ते योग्यच होतं. मला मात्र त्यातली एक न छापलेली गोष्ट सतावत राहिली. कुठल्या तरी टेबलावर, एका पडद्यावर, कुणीतरी दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले असणार, बराच वेळ बघितलं असणार आणि म्हटलं असणार, ‘हा तोच.’

दोन चित्रं शेजारी ठेवणं यात काय विशेष, असं कुणीही म्हणेल. लग्नाच्या बोलणीत दोन पत्रिका शेजारी ठेवतात. रविवारच्या पुरवणीत दोन चित्रांतले फरक शोधायला सांगतात. आपला सातबारा तरी काय, गाव नमुना सात वर आणि नमुना बारा खाली, असे दोन तक्ते एका कागदावर आणलेले: जमीन कुणाची ते वर आणि तिच्यात पिकतं काय ते खाली. दोन गोष्टी एका नजरेच्या टप्प्यात आणल्या की एरवी न दिसणारं दिसू लागतं, हे आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात या साध्या कृतीवर माणसाचा आणि जनावराचा जीव टांगलेला असतो. ती तिथवर कशी पोचली, त्याचा हा माग.

आधी एक नियम सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आरशातल्या प्रतिबिंबासारखे तर मुळीच नसतात. त्यामुळे एकाचा डावा फोटो दुसऱ्याच्या उजव्या फोटोशेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. डाव्याशी डावा, उजव्याशी उजवा. वनखात्याच्या कागदांत याला ‘लेफ्ट फ्लँक’, ‘राइट फ्लँक’ म्हणतात. आपल्याकडे कूस हा चांगला शब्द आहे. झोपेत माणूस बदलतो ती, आणि डोंगराला असते तीही. तोच इथं वापरतो.

माग काढायचा तर सुरुवात जंगलात नाही, बंगालातल्या एका कचेरीत होते. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा शाईत बुडवलेला ठसा करारावर घेतला. उद्देश एवढाच, की उद्या ‘ही सही माझी नाही’ असं त्यानं म्हणू नये. पुढं त्यातून बोटांचे ठसे आले, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय उघडलं. तिथं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची अशी वर्गवारी बसवली की हजारो कागदांच्या ढिगाऱ्यातून नेमका कागद काढता यावा. श्रेय साहेबाच्या नावावर गेलं, ती वेगळी कथा. आपल्या कामाचं इतकंच, की दोन ठसे शेजारी ठेवणं सोपं असतं. अवघड असतं ते कुठले दोन ठेवायचे हे ठरवणं. हा प्रश्न पुढं ताडोब्यात पुन्हा भेटतो.

वाघाचा ठसा म्हणजे पंजाचा. १९६६ च्या सुमारास ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. मागच्या डाव्या पायाचा ठसा घ्यायचा. त्यावर काच धरायची, काचेवर रेघ मारायची, ती कागदावर उतरवायची. उन्हाळ्यात वनरक्षक आणि वनमजूर जंगलरस्त्यांवर बारीक माती पसरून ठेवत, म्हणजे रात्री गेलेल्याचं पाऊल सकाळी स्वच्छ उमटलेलं मिळे. मग सगळ्या बीटांतून आलेले कागद एका टेबलावर पसरायचे, शेजारी शेजारी ठेवून बघायचे, सारखे दिसतात ते एका वाघाचे धरून गठ्ठे करायचे आणि गठ्ठे मोजायचे. १९७२ ची देशातली पहिली गणना याच पद्धतीनं झाली आणि आकडा आला १,८२७. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

या पद्धतीला नंतर फार नावं ठेवली गेली, आणि ठेवायला जागा होतीच. एकच पाय चिखलात रुंद उमटतो, धुळीत वेगळा, वाळूत पसरट. काचेवर रेघ मारणारा हात बदलला की बोटांची गोलाई बदलते. म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन कागदांत जो फरक दिसतो तो वाघाचा, मातीचा, की रेघ मारणाऱ्याचा, हे सांगता येत नाही. तरी मला त्या काळातल्या वनरक्षकांना हसावंसं वाटत नाही. आपल्या बीटातल्या वाघाचं पाऊल ते खरोखर ओळखत. घरच्या माणसाच्या चपलेचा आवाज ओळखावा तसं. ती ओळख त्यांच्या डोळ्यांत होती, कागदावर उतरताना ती सांडत होती. आणि वरच्या कार्यालयात, ज्यानं ते जंगल पाहिलं नाही त्याच्या टेबलावर, फक्त कागद पोचत होता.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून जनावरं मोजण्याची रीत तर आजही आहे, आता ‘निसर्गानुभव’ या नावानं. त्यात शेजारी ठेवायला काहीच नसतं. एका पाणवठ्यावर दिसलेला वाघ पहाटे दुसऱ्यावर गेला की तो दोनदा मोजला जातो. चांदणं मात्र पुरेपूर मिळतं.

२००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदावर होते. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल बसलं, व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, आणि देशाच्या गणनेतून पंजाचे ठसे मागे पडून कूस पुढं आली.

कूस मात्र तोवर ऐंशी वर्षं वाट बघत होती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा संयुक्त प्रांतातला वनाधिकारी. बंदूक न वापरता कॅमेरा घेऊन वाघामागं लागलेला, त्या काळात विक्षिप्तच म्हणायचा. जंगलवाटेवर तो तार बांधून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि वाघ स्वतःचाच फोटो काढून पुढं जाई. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्याचं पुस्तक १९२७ चं. तारेची युक्ती त्याची एकट्याची नव्हे. अमेरिकेत जॉर्ज शिरासनं ती हरणांवर केली होती आणि १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकनं ते फोटो छापले होते. पण चॅम्पियनच्या हाती पट्टे होते. एकाच वाटेवरचे निरनिराळ्या रात्रींचे फोटो जवळ ठेवून बघताना त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आहेत, आणि हा परवाचाच की दुसरा, हे त्यांवरून कळतं. त्यानं ते नोंदवलं. मोजणीसाठी कुणाला त्याची गरज वाटली नाही.

गरज वाटली उल्हास कारंथ यांना, कर्नाटकातल्या नागरहोळेत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावला. एका फेरीत वाघाच्या दोन्ही कुशी मिळाव्यात म्हणून. साधी वाटणारी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकच कॅमेरा असेल तर सोमवारी डावी कूस मिळते, गुरुवारी उजवी, आणि ती एका वाघाची की दोघांची हे कधीच कळत नाही. दोन कॅमेरे एका क्षणी टिपतात तेव्हाच डावी आणि उजवी यांची गाठ पडते. १९९५ मध्ये त्यांचा या पद्धतीवरचा निबंध आला. पकडलेले किती, पुन्हा पकडले गेलेले किती, यावरून न दिसलेले किती असतील याचं गणित त्यात होतं. तळ्यातले मासे मोजायला वापरतात तेच गणित, फक्त इथं मासा म्हणजे वाघ आणि खूण निसर्गानं आधीच करून ठेवलेली. २००४ मध्ये अकरा जंगलांवरचा त्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात महाराष्ट्रातलं मेळघाट, पेंच आणि आपलं ताडोबा होतं.

ताडोब्याला वाघाचं नातं जुनंच. तारू नावाच्या गोंड प्रमुखाची वाघाशी झुंज झाली, त्यात तो मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं जत्रा भरते. राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये, दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये. ज्या देवाचं नाव जंगलाला आहे तो वाघानं मारलेला माणूस आहे, हे पर्यटकांच्या जिप्सीत बसून सहसा ध्यानात येत नाही.

आता यंत्राकडे येऊ.

इंटेल कंपनीत १९९९ साली गॅरी ब्रॅडस्की या संशोधकानं एक काम सुरू केलं: संगणकाला चित्र ‘बघता’ यावं यासाठी लागणारी गणितं एकदाच नीट लिहून ठेवायची आणि सगळ्यांना फुकट द्यायची. गणितांच्या या पेटीचं नाव ओपनसीव्ही. २००० साली ती जगासमोर आली, १.० आवृत्ती २००६ मध्ये. आज कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात, चंद्रपूरच्याही, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात चेहरा ओळखायचा असो की गाडीचा नंबर, मुलं हिच्याच दारात येतात.

आणि आल्यावर बहुतेकांची पहिली अडचण एकच असते: दोन चित्रं एका खिडकीत शेजारी शेजारी कशी दाखवायची? मूळ चित्र आणि त्यावर प्रक्रिया केलेलं चित्र, दोन्ही एकदम दिसल्याशिवाय आपण काय केलं ते कळत नाही. पण ‘इमशो’ ही दाखवण्याची आज्ञा एका खिडकीत एकच चित्र घेते. ओपनसीव्हीच्या लेखी शेजार ही गोष्टच नाही. तिच्यासाठी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता, इतक्या ओळी, इतके रकाने, आणि प्रत्येक घरात निळ्या, हिरव्या, लाल रंगाचे तीन आकडे. त्यामुळे दोन चित्रं शेजारी दाखवायची तर दोन तक्ते जोडून एकच रुंद तक्ता शिवावा लागतो आणि तो दाखवावा लागतो. सुरुवातीच्या सी भाषेतल्या काळात हे काम वेळखाऊ होतं. आधी दुप्पट रुंदीचा कोरा तक्ता घ्यायचा, त्याचा डावा अर्धा भाग आखून पहिलं चित्र तिथं ओतायचं, मग उजवा आखून दुसरं ओतायचं, मग आखणी पुसायची. पुढं पायथनमध्ये ‘एचकॉन्कॅट’ किंवा ‘एचस्टॅक’ अशा एका शब्दात ते होऊ लागलं. आडवं जोडायला ‘एच’, उभं जोडायला ‘व्ही’. सातबारा हा त्या हिशेबानं व्हीकॉन्कॅट.

शिवल्यावर शिवण उरत नाही, हे मला यातलं सर्वांत लक्षात राहिलेलं. आपल्याला पडद्यावर दोन वाघ दिसतात, मधली रेघ दिसते. संगणकाला एक लांबरुंद चित्र दिसतं. डावा संपला कुठं आणि उजवा लागला कुठं, हे त्या आकड्यांत कुठंही लिहिलेलं नसतं. तुलना करायची म्हणून आपण जे केलं त्यात तुलना यंत्राच्या बाजूनं शून्य असते. ती सगळी बघणाऱ्याच्या डोळ्यात घडते.

जोडायच्या अटीही कडक. दोन्हींची उंची ओळींच्या हिशेबात तंतोतंत सारखी हवी. एक कॅमेरा जुना, एक नवा, फोटोंची मापं वेगळी, की जोडणी नाकारली जाते. मग एकाला ओढूनताणून दुसऱ्याच्या मापाचं करायचं. उंची आणि रुंदी एकाच प्रमाणात बदलली नाही तर वाघ लांबट होतो, पट्टे विरळ होतात आणि सारखे पट्टे वेगळे भासू लागतात. एकाला रंगाचे तीन थर आणि दुसऱ्याला करडा एकच, तरीही नाही. शिवाय ओपनसीव्ही निळा आधी आणि लाल शेवटी मोजते, कारण ती लिहिली गेली तेव्हा बरेच कॅमेरे आणि प्रणाल्या तसंच मोजत. दुसऱ्या एखाद्या साधनानं तोच तक्ता दाखवला, जे लाल आधी मोजतं, की वाघ निळा दिसतो. नवशिक्यांच्या संगणकावर निळे वाघ बरेच फिरून गेलेत. आणि एक खास आपली अडचण. विंडोजवर फोल्डरचं नाव देवनागरीत ‘ताडोबा’ असं दिलं, की फोटो वाचणारी ‘इमरीड’ तिथं अडते. पण चूक म्हणून थांबत नाही. रिकामा हात पुढं करते, आणि चूक कळते ती पुढच्या ओळीत, जोडायला गेल्यावर.

हे सगळं बारीकसारीक सांगण्याचं कारण असं, की ट्रॅप कॅमेऱ्याच्या फोटोंत या सगळ्या गोष्टी खऱ्याखुऱ्या येतात. रात्रीचे फोटो अवरक्त उजेडातले, करडे. दिवसाचे रंगीत. वाघ कधी तिरका, कधी पोट सैल सोडून चाललेला, कधी नुकता खाऊन टम्म. वाटेच्या दोन्ही बाजूंचे कॅमेरे साधारण गुडघ्याच्या उंचीवर झाडाला पट्ट्यानं आवळलेले. तेही जरा मागेपुढे, म्हणजे एकाचा झोत दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये. एकाच्या घड्याळात सकाळचे आणि रात्रीचे आठ यांचा घोळ झाला, की डाव्या आणि उजव्याची गाठ तुटते. दोन्ही फोटो चांगले असूनही ते एकाच फेरीतले असल्याचं सिद्ध होत नाही.

खगोलशास्त्रात तुलनेची एक वेगळी चाल होती. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉनं प्लूटो शोधला तो दोन काचा शेजारी ठेवून नव्हे, तर एकाच डोळ्यासमोर आलटून पालटून आणून. तारे जागेवर, एक ठिपका उड्या मारतोय. संगणकावर बाणाची कळ दाबून पुढचा-मागचा फोटो बघताना आपण तेच करत असतो. वाघाला मात्र ती चाल फारशी चालत नाही, कारण दर फोटोत वाघाची ठेवण वेगळी. आलटून पालटून बघितलं तर सगळंच उड्या मारतं. शेजारी ठेवल्यावर डोळा निवांतपणे इकडून तिकडे जाऊ शकतो: खांद्यामागचा तो फाटलेला पट्टा, बरगडीवरचं टोक न जुळलेलं कडं, मांडीवरचा दोन शेपटांचा पट्टा. पट्टे जाणणारी माणसं असंच बघतात. सगळी कूस ती बघत नाहीत, दोन-तीन विचित्र जागा पकडतात.

ओपनसीव्हीत या बघण्याची नक्कल करणारी एक आज्ञा आहे, ‘ड्रॉमॅचेस’. ती दोन चित्रं शेजारी मांडते, आणि दोन्हींतले आधी शोधून, सारखे म्हणून जुळवून ठेवलेले उठून दिसणारे बिंदू एका चित्रातून दुसऱ्यात रेघांनी जोडते. बिंदू शोधण्याची सिफ्ट ही डेव्हिड लो यांची पद्धत १९९९ ची. तिच्यावर पेटंट होतं, ते २०२० मध्ये संपलं आणि ती ओपनसीव्हीच्या मुख्य पेटीत आली. पडद्यावर या रेघा बघताना मोठी मौज वाटते. दोन वाघांमध्ये कोष्ट्यानं ताणा लावावा तसं दिसतं. पण ताडोब्यातल्या किंवा कुठल्याही जंगलातल्या फोटोंवर हे जसंच्या तसं चालवलं तर फसवणूक ठरलेली. कॅमेरा एकाच झाडाला बांधलेला. मागचा दगड तोच, सागाचं खोड तेच, फोटोच्या तळाशी तारीख आणि तापमान छापणारी पट्टी तर हुबेहूब तीच. संगणक मोठ्या उत्साहानं दगडाला दगड आणि पट्टीला पट्टी जोडतो आणि सांगतो, जुळलं! वाघ दोन वेगळे, जागा एक. याउलट महेंद्रगिरीत गेलेल्यासारखा वाघ एक आणि जागा दोन हजार किलोमीटर लांब, तेव्हा रेघा तुरळक पडण्याचीच भीती.

म्हणून आधी वाघाला जागेपासून सोडवावं लागतं. हे काम नीट केलं ते लेक्स हिबी यांनी. त्यांचा आधीचा अनुभव सीलच्या अंगावरच्या डागांचा. २००९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वाघासाठीची पद्धत प्रसिद्ध केली. फोटोतल्या वाघावर काही ठरावीक जागा माणसानं खुणावून द्यायच्या, मग संगणक वाघाच्या शरीराचा त्रिमिती साचा त्यावर बसवतो, तिरकेपणा काढून टाकतो आणि कुशीची कातडी जणू सपाट पाटावर पसरतो. मग त्या सपाट तुकड्यांची तुलना. कातड्याचा उल्लेख मी उपमेसाठी केला नाही. शिकाऱ्यांकडून जप्त झालेलं कातडं याच पद्धतीनं जिवंतपणीच्या फोटोशी जुळवता येतं. कातडं वाळवताना ताणलेलं असतं, हे साच्यानं सांभाळून घेतलं जातं.

ही साधनं नसती तर काय झालं असतं, याचा एक हिशेब करून बघा. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लावले. फोटो आले ३,४८,५८,६२३. त्यांत वाघाचे ७६,६५१, म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक. बाकी चितळ, गायी, वाऱ्यानं हललेली फांदी, आणि सायकलवरून जाणारी माणसं. कुठल्या फोटोत कुठलं जनावर आहे याची पहिली चाळणी संगणकानं केली. मग पट्ट्यांवरून वेगळे ठरले ते २,४६१ वाघ. एवढ्या वाघांची प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तुलना करायची तर जोड्या होतात तीस लाखांवर, तीही एकाच कुशीच्या. एका ताडोबा-अंधारी प्रकल्पापुरतं बोलायचं, तर २०२२ च्या गणनेत तिथं ९७ वाघ होते. त्यांच्याही ४,६५६ जोड्या. कलकत्त्याच्या ठसेकचेरीतला प्रश्न तो हाच. यंत्र त्याचं उत्तर देतं ते एवढंच: जवळचे वाटणारे काही उमेदवार वर काढून, गुण देऊन, नव्या फोटोशेजारी एकेक करून ठेवतं. ‘हा तोच’ किंवा ‘हा नाही’ हे बटण माणूस दाबतो. तीस लाखांतून वेचून आणलेल्या मोजक्या जोड्या, आणि शेवटी पुन्हा दोन फोटो आणि एक डोळा.

या डोळ्यावर किती भार असतो, ते आपल्या दोन जिल्ह्यांत कळतं.

मार्च-एप्रिलात मोह पडतो, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे वाकून वेचणारी माणसं आणि त्याच वाटेवरचा वाघ. २०२० च्या ऑक्टोबरात राजुरा तालुक्यात आरटी-१ नावानं नोंदवलेला वाघ पकडला गेला; आठ माणसांच्या मृत्यूसाठी त्याला जबाबदार धरलं होतं. २०२२ च्या ऑक्टोबरात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या जंगलात सीटी-१ पकडला. त्याच्या खात्यावर गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून तेरा माणसं. अशा वेळी वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा आदेश लागतो, आणि तो आदेश ‘वाघ’ पकडायचा नसतो, ‘हा वाघ’ पकडायचा असतो. घटनास्थळाभोवती कॅमेरे लागतात. रोज सकाळी कार्डं काढली जातात. रात्री आलेला वाघ आणि आदेशातला वाघ, दोघांच्या कुशी पडद्यावर शेजारी येतात. ब्रह्मपुरीसारख्या भागात एकाच नाल्यावर दोन-तीन वाघांचं येणंजाणं असू शकतं. चुकीच्या कुशीला होकार दिला, तर निरपराध वाघ पिंजऱ्यात आणि खरा मोकळा. नकार चुकला, तर उद्या आणखी कुणी सरपणाला गेलेली बाई परत येणार नाही.

ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला हा फोटोंचा खेळ म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. ‘पट्टे मोजत बसता, इथं माणूस गेला जी,’ या रागाला कुठलंही तंत्रज्ञान उत्तर देऊ शकत नाही, आणि देऊही नये. पण वेगळा मार्ग तरी कुठला? संशयिताचा ठसा न जुळवता फासावर चढवावं, असं माणसाच्या बाबतीत आपण म्हणत नाही. वाघाला एवढा न्याय मिळायला १८५८ नंतर दीडशे वर्षं लागली आणि तोही कुशीवरच्या रेघांमुळे मिळाला. या रेघा गर्भात कशा उमटत असतील, याचं एक गणित अॅलन ट्युरिंगनं १९५२ मध्ये मांडलं होतं: एकमेकांत पसरणारी दोन रसायनं, एक वाढवणारं, एक अडवणारं. संगणकाचा पाया घालणाऱ्या माणसानंच पट्ट्यांचाही विचार करून ठेवावा, हा योगायोग मला आवडतो. त्यापलीकडे त्याचा इथं उपयोग नाही.

पट्ट्यांची ही सगळी विद्या एका ठिकाणी थिटी पडते. ताडोब्याची माया, टी-१२, देशातल्या सर्वाधिक फोटो निघालेल्या वाघिणींपैकी एक असेल. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात वाघाचे अवशेष सापडले, पण नुसती हाडं. तिच्या कुशींचे फोटो पर्यटकांच्या मोबाइलमध्येसुद्धा होते. शेजारी ठेवायला समोर कूसच नव्हती. ती मायाच होती हे डीएनए तपासणीतून कळलं.

आणि दुसरं टोक: जे जिवंत आहेत, फिरताहेत, पण अर्धेच माहीत आहेत ते. एखादा कॅमेरा हत्तीनं किंवा माणसानं तोडलेला असतो, एखाद्याची बॅटरी संपलेली, एखाद्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं. अशा वेळी वाघाची एकच कूस मिळते. दुसरी केव्हा मिळेल, मिळाली तरी ती याचीच हे कशावरून, काही सांगता येत नाही. म्हणून अशा फोटोंची बेरीज करत नाहीत; फक्त डाव्यांचा गठ्ठा किंवा फक्त उजव्यांचा गठ्ठा, यांपैकी एकच हिशेबात धरतात. एरवी एक वाघ दोन होऊन बसेल.

अशा वाघाचं पान संगणकावर तयार करायचं झालं तर डावीकडे त्याची कूस येते. उजवीकडे जोडायला चित्र नाही. पण जोडणीला दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचं काहीतरी हवंच, म्हणून डाव्या चित्राच्या मापाचा एक तक्ता घेऊन त्याच्या प्रत्येक घरात शून्य भरतात. शून्य म्हणजे काळा. खिडकी उघडते तेव्हा अर्ध्या भागात पट्टेदार चाललेला असतो, शेपूट जरा वर, मान पुढं, आणि त्याच्या शेजारी तेवढाच मोठा काळा चौकोन.